म्हातारचळ म्हणण्यापूर्वी

मराठीत 'म्हातारचळ' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आजोबा मध्यरात्री उठून दाराची कडी काढू लागले. जेवण होऊन तास उलटत नाही तोच आजींनी शेजारणीला 'मला कुणी वाढलेच नाही' असे सांगितले. बोरमाळ सुनेनेच लपवली असे त्या येईल-जाईल त्याला ऐकवू लागल्या, की घर आणि गल्ली मिळून एकच निदान करते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण साक्षीला असतेच. आणि एकदा हे निदान झाले, की उपचाराचा विषयच संपतो. कारण वयावर औषध नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

वास्तविक या एका शब्दाखाली तीन अगदी निराळ्या अवस्था झाकल्या जातात. पहिली वेळीच उपचार मिळाल्यास थोड्या दिवसांत बरी होऊ शकते आणि न मिळाल्यास जीव घेऊ शकते. दुसरी काही आठवड्यांत ओसरू शकते. तिसरी बरी होत नाही, परंतु सुसह्य करता येते. यांतील कोणती कुठली हे ओळखण्याचे शिक्षण ज्या डॉक्टरने घेतलेले असते, तो मनोविकारतज्ज्ञ. आणि वृद्ध माणसे त्याच्या दारी बहुधा सर्वांत शेवटी पोहोचतात.

मंद्रूपचे उदाहरण घेऊ. सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेले हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव. थोडे पुढे भीमा आणि भीमेपलीकडे कर्नाटक. या पट्ट्यातील कित्येक घरांत चुलीपुढची भाषा कन्नड आणि कचेरीतली मराठी. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. ताप, बाळंतपण, सर्पदंश यांसाठी तेथे जाण्यात कुणाला संकोच वाटत नाही. मनाच्या दुखण्याची वाट मात्र अशा गावांतून निराळी असते. आधी देव, मग देवऋषी, मग 'ताकदीचे सलाइन' आणि हे सारे थकल्यावर सोलापूर. 'येरवडा' या शब्दाचा धाकही अजून ओसरलेला नाही. आपल्याकडे येरवडा म्हणजे एक तर तुरुंग किंवा मनोरुग्णालय. पावणेतीनशे किलोमीटरवरच्या त्या जागेचे नाव थट्टेतसुद्धा याच अर्थाने घेतले जाते. वडिलांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेणे म्हणजे त्यांना 'तसल्या' माणसांत बसवणे, ही मुलांची भीती त्यातूनच आलेली आहे.

पाटीवरची अक्षरे

तेव्हा हा डॉक्टर घडतो कसा, हे आधी पाहू. मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम चारचौघांसारखा डॉक्टर असतो. साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची आंतरवासिता त्याने पूर्ण केलेली असते. छातीचे ठोके ऐकणे, टाके घालणे, बाळंतपण करणे यांतून तोही गेलेला असतो. त्यानंतर मनोविकारशास्त्रातील तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी ही पदवी, अथवा दोन वर्षांची डीपीएम ही पदविका. या काळात तो वॉर्डांत आणि अपघात विभागात रात्रपाळ्या करतो, व्यसनमुक्तीचे रुग्ण सांभाळतो, मेंदूविकारांच्या विभागात काम करतो आणि मुख्य म्हणजे ऐकायला शिकतो. इतर शाखांत निदानाचा मोठा भार क्ष-किरण आणि रक्ततपासणी उचलते. येथे तो संभाषणावर असतो. रुग्ण काय सांगतो याइतकेच तो ते कसे सांगतो, कुठे अडखळतो, कुणाकडे पाहून उत्तर देतो, याकडे लक्ष ठेवण्याची ही तालीम असते.

नावांचा घोळ पुष्कळ होतो, म्हणून थोडा खुलासा. मानसशास्त्रज्ञ हे डॉक्टर नसतात. ते चाचण्या घेतात, बोलण्यातून उपचार करतात, पण औषधे लिहून देत नाहीत. मेंदूविकारतज्ज्ञ अर्थात न्यूरॉलॉजिस्ट हे पक्षाघात, फिट, कंपवात यांचे वैद्य. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला या तिघांचीही गरज पडू शकते. पाटीवर पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहण्यात संकोच बाळगू नये.

वृद्धांचे मनोविकार ही आता स्वतंत्र शाखा आहे. लखनौचे किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आणि बंगळुरूची निम्हान्स येथे तिचे उच्च शिक्षण मिळते. पण असे विशेषज्ञ देशातच मोजके. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार भारतात दर लाख लोकसंख्येमागे पाऊण (०.७५) मनोविकारतज्ज्ञ होता. तेव्हा 'म्हाताऱ्यांचा खास डॉक्टर' शोधत पुण्या-मुंबईच्या खेपा घालण्यापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणचा नेहमीचा मनोविकारतज्ज्ञ गाठावा, हे शहाणपणाचे.

पहिली भेट

वृद्ध रुग्ण समोर बसला, की जाणता तज्ज्ञ मनाकडे वळण्याआधी शरीराचा शोध घेतो. त्याचा पहिला प्रश्न साधारणपणे काळाचा असतो: हे केव्हापासून? उत्तर 'परवापासून' असे आले, तर तो सावध होतो. परवापर्यंत हिशेब चोख ठेवणारे गृहस्थ एकाएकी बरळू लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागले, दिवसा गुंगीत आणि रात्री बेचैन, मधूनच अगदी शहाण्यासारखे बोलणारे, तर ही अवस्था डिलिरियमची. आपल्या खेड्यांत तिला 'वात झाला' म्हणतात आणि ती भुताखेताशी जोडण्याचा मोह याच वेळी सर्वाधिक होतो. तिचे मूळ बहुधा शरीरात असते: लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घसरणे, साखर उतरणे, लघवी तुंबणे, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, किंवा रोज दारू-ताडी घेणाऱ्या माणसाची ती दवाखान्यात दाखल झाल्यामुळे अचानक बंद होणे. म्हाताऱ्या माणसाला जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही. भ्रम हीच त्याची एकमेव खूण असू शकते. येथे मनोविकारतज्ज्ञाच्या तारखेची वाट पाहत बसायचे नसते. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते.

उत्तर 'दिवाळीपासून', 'बाई गेल्यापासून' असे आले, तर विचार नैराश्याकडे वळतो. उतारवयातील नैराश्य फसवे असते. आजोबा 'मला उदास वाटते' असे म्हणत नाहीत; तो शब्द त्यांच्या बोलीत नसतोच. ते म्हणतात, पोटात गॅस धरतो, अंगाची आग होते, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला डोळा उघडतो तो मिटत नाही. मग पोटाची सोनोग्राफी होते, दुर्बिणीने तपासणी होते, आणि अहवाल चांगले आले म्हणून मुले वडिलांवरच चिडतात. नैराश्यात विसरणेही होते. पण त्याचा बाज वेगळा. असा माणूस प्रश्न विचारताच 'मला नाही माहीत, विचारू नका' म्हणून हात झटकतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण उलट उत्तर देण्याची धडपड करतो, चुकीचे उत्तर ठामपणे देतो, नाहीतर हसून वेळ मारून नेतो आणि मान वळवून सुनेकडे पाहतो. डॉक्टर खुर्ची अशी मांडतात, की सून रुग्णाच्या मागे बसेल, ती याचसाठी.

आणि उत्तर 'नक्की सांगता येत नाही, दोन-तीन वर्षे झाली असतील' असे असले, तर स्मृतिभ्रंशाची शंका बळावते. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. तरीही त्या निष्कर्षावर येण्याआधी काही गोष्टी तपासाव्याच लागतात: थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, रक्तातील क्षार, आणि गेल्या काही महिन्यांत पडणे झाले असल्यास मेंदूचा सीटी स्कॅन, कारण कवटीखाली साकळलेले रक्त हळूहळू माणसाला मंद करते आणि ते काढल्यावर तोच माणूस पुष्कळसा पूर्ववत होऊ शकतो. कान आणि डोळेही पाहिले जातात. ऐकू न आल्यामुळे असंबद्ध उत्तरे देणाऱ्या किती आजींना आपण भ्रमिष्ट ठरवले असेल, कोण जाणे.

आणखी एक तपासणी पिशवीची. घरात असतील ती सर्व औषधे पिशवीत भरून आणा, असे मनोविकारतज्ज्ञ आवर्जून सांगतो. तीत झोपेची गोळी असते, जी कुणी तरी सहा वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि औषधविक्रेत्याच्या ओळखीवर अजून चालू असते. सर्दीची, खाजेची, वरचेवर होणाऱ्या लघवीची अशी काही औषधे असतात, जी तरुणाला मानवतात पण सत्तरीच्या मेंदूला धूसर करतात. कधी कधी पहिल्या भेटीत नवे काहीच लिहून दिले जात नाही, जुन्यातलीच एखादी गोळी हळूहळू कमी केली जाते. 'एवढ्या लांबून आलो आणि औषधच दिले नाही' म्हणून नातेवाईक नाराज होतात. त्या दिवशीचा सर्वांत मोठा उपचार तोच असतो.

आता स्मरणशक्तीच्या चाचणीविषयी. 'आज तारीख काय', 'शंभरातून सात वजा करत जा', 'घड्याळ काढून दाखवा', अशा प्रश्नांवर जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचण्या आधारलेल्या आहेत. ज्या बाईंनी जन्मात पेन धरले नाही, त्यांना घड्याळ काढायला लावून गुण देणे हा अन्याय आहे. हरियाणातील बल्लभगढ येथे १९९०च्या दशकात झालेल्या संशोधनात निरक्षर वृद्धांसाठी अशी चाचणी हिंदीत नव्याने बांधावी लागली, ती यामुळेच. जाणता डॉक्टर आपल्या भागात आणखी पुढे जातो. येळवस होऊन किती दिवस झाले? यंदा गड्ड्याच्या यात्रेला कोण कोण गेले होते? शाळू काढला का अजून? ज्वारीचा भाव काय निघाला? पन्नासची नोट दिली आणि बत्तीसचे सामान घेतले, तर परत किती यायचे? या उत्तरांतून जे कळते, ते तारखेवरून कळत नाही. आणि ज्या आजींची चुलीपुढची भाषा कन्नड, त्यांना प्रश्न कन्नडमध्येच विचारावेत. पुढे पुढे हा विकार नंतर शिकलेली भाषा आधी पुसतो आणि आईची भाषा शेवटपर्यंत ठेवतो, असे अनेकदा दिसते. 'ऊटा आयता?' म्हणजे 'जेवण झाले का?' एवढ्या एका प्रश्नाने मराठीत गप्प असलेली आजी बोलू लागते.

दोष कुणाचा

मंद्रूपहून गोवा बरेच दूर. पण या विषयात ज्यांनी खेड्यातल्या घराघरांत जाऊन पाहिले, असे काम तेथे झालेले असल्याने तिकडे वळणे भाग आहे. डॉ. विक्रम पटेल हे मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये प्रशिक्षित झालेले मनोविकारतज्ज्ञ. १९९०च्या दशकात त्यांनी आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशात संशोधन केले. तेथील लोक आपल्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणे. आपल्याकडच्या 'लई इचार करतंय म्हातारं' याहून हे काही वेगळे नाही. १९९६ साली गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते.

वार्धक्य आणि मन याविषयी गोव्यात जी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एक गोष्ट माझ्या मते प्रत्येक काळजीवाहकाने वाचायला हवी. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना अपरिचित नव्हती. पण तो आजार आहे असे कुणाला वाटत नव्हते. एक तर ते वयाचे लक्षण मानले जाई, नाही तर मुलांनी प्रेम दिले नाही, आबाळ केली, म्हणून म्हातारीची ही दशा झाली, असे म्हटले जाई.

सोलापूरच्या खेड्यात यात एका शब्दाचा फरक होईल: मुलांच्या जागी सून येईल. चोवीस तास सासूची ओली लुगडी बदलणारी, दिवसातून दहा वेळा 'चोरटी' हे विशेषण ऐकणारी आणि तरीही गल्लीच्या दृष्टीने आरोपी असणारी सून. निदानाचा कागद हातात पडतो, तेव्हा त्याचा एक उपयोग औषधाच्या दुकानात होतो आणि दुसरा या सुनेला होतो. सासूबाई चोरीचा आळ घेतात तो स्वभाव नव्हे, आजाराचे लक्षण आहे. वस्तू स्वतः कुठे ठेवली हे आठवत नाही आणि ती जागची गेलेली दिसते, तेव्हा दुबळा झालेला मेंदू तेवढाच निष्कर्ष काढू शकतो. हे डॉक्टरने नवऱ्यासमोर आणि शक्य तर नणंदेसमोर सांगावे. भाऊबीजेला चार दिवस येणारी लेक आईला पाहून रडते आणि भावजयीला बोल लावून परत जाते, हे दृश्य आपल्याला नवे नाही.

त्याच गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने किमान पंधरवड्यातून एकदा या घरांना भेट देत: आजार समजावून सांगत, अंघोळ-जेवण-झोप यांतील अडचणींवर मार्ग सुचवत, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाला बोलावत. रुग्णाच्या वागण्यात वा क्षमतेत संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठळक फरक पडला नाही. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य मात्र स्पष्टपणे सुधारले. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. जो आजार मागे हटत नाही, त्यात घर उभे राहणे हीच मोठी गोष्ट.

नैराश्याच्या बाबतीत तर आकडे अधिकच बोलके आहेत. नैराश्याची सौम्य चिन्हे असलेल्या १८१ वृद्धांवर याच गटाने केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. उरलेल्यांकडे प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले समुपदेशक जात, रोजच्या अडचणी सोडवण्याच्या युक्त्या शिकवत, झोपेच्या सवयी सुधारत, सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास मदत करत. वर्षभरात पहिल्या गटातील ९० पैकी १३ जणांना पूर्ण स्वरूपाचे नैराश्य जडले, दुसऱ्या गटातील ९१ पैकी फक्त चौघांना.

मनोविकारतज्ज्ञाचे काम त्याच्या खोलीबाहेर नेणारे आपल्याकडचे दुसरे नाव डॉ. मोहन आगाशे. वाचकांना ते नट म्हणून ठाऊक आहेत, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९९१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, हे तितकेसे ठाऊक नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सोलापूरकरांना त्याची वेगळी आठवण करून द्यायला नको. त्या आपत्तीचे भूकंपग्रस्तांच्या मनावर दीर्घकाळ काय परिणाम झाले, याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी डॉ. आगाशे यांनी केला. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटात त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. हत्तीच्या मागे चालत हरवलेल्या या वृद्धाला माहुताची कन्नड बोलणारी बायको, चन्नम्मा, सांभाळते. ती निदान विचारत नाही. मूल झालेल्या माणसाला मुलासारखे वागवते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरात असा रुग्ण असेल, तर भावंडांनी एकत्र बसून हा चित्रपट पाहावा. वादविवादात जे पटत नाही, ते पडद्यावर पटते.

औषधे आणि उन्हाळा

'मानसिक गोळ्यांची सवय लागते' हा आक्षेप अर्धा खरा आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते. नैराश्याच्या औषधांचे तसे व्यसन लागत नाही. मात्र ती मनानेच एकदम बंद करू नयेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसांत सहा ते आठही लागू शकतात. आणि किरकोळ त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो. त्यामुळे बरेच लोक गुण येण्याआधीच औषध सोडतात. वृद्धांना सुरुवातीची मात्रा थोडी दिली जाते, ती सावकाश वाढवली जाते. मध्यंतरी सोडियमची तपासणी सांगितली, तर ती टाळू नये.

स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमॅन्टिन ही औषधे काहींना काही काळ उपयोगी पडतात. गेलेली स्मृती ती परत आणत नाहीत, आणि तसे आश्वासन देणारा कुणीही, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, विश्वासास पात्र नाही. रुग्ण अनावर होतो तेव्हा देण्यात येणारी काही औषधे स्मृतिभ्रंशात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात; म्हणून ती नाइलाजाने, थोड्या मात्रेत आणि थोडे दिवस द्यायची असतात. 'शांत राहतात, चालू ठेवू' असे म्हणून जुन्या चिठ्ठीवर ती आणत राहणे धोक्याचे.

लिथियम घेणाऱ्यांसाठी एक खास सूचना. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. घाम, जुलाब किंवा कडक उपवास यांमुळे शरीरातील पाणी घटले, की रक्तातील लिथियम वाढते. लघवीची वा रक्तदाबाची काही औषधे आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही ते वाढवतात. हाताला मोठा कंप, तोल जाणे, उलट्या, गुंगी असे काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठावे.

'शॉक' या उपचाराविषयी लोकांच्या मनात हिंदी चित्रपटांनी बसवलेले चित्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास बंदी आहे. अन्नपाणी सोडून अंथरुणाला खिळलेल्या, जगण्याची इच्छा संपलेल्या वृद्धाला तो जीवनदायी ठरू शकतो. याच कायद्याने रुग्णाला आपल्या उपचारांविषयी आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान लवकर झाले, तर तो हक्क वापरण्याइतकी जाण रुग्णाजवळ अजून शिल्लक असते. पैशांचे, शेतीच्या कागदांचे निर्णयही तेव्हाच त्याच्या तोंडून व्हावेत.

एक प्रश्न मनोविकारतज्ज्ञ वृद्धांना न चुकता विचारतो आणि घरच्यांना तो ऐकवत नाही: 'जीव द्यावा, असे मनात येते का?' या प्रश्नाने कुणाच्या मनात तो विचार पेरला जात नाही. उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. 'आता देवाने न्यावे' हे वृद्धांचे नेहमीचे वाक्य. पण त्या जोडीला जेवण सुटले, दागिने वाटायला काढले, निरोपाची भाषा सुरू झाली, तर दुर्लक्ष करू नये. गोठ्यात, माळवदावर ठेवलेले फवारणीचे औषध त्याच दिवशी कुलपात जावे.

कुठे, केव्हा, कसे

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. तो जिल्ह्यापर्यंत कसा न्यावा, याचा धडा मात्र सीमेपलीकडच्या बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने गिरवला. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखण्याचे शिक्षण दिले गेले, आणि त्या अनुभवावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. सोलापूर जिल्हाही त्यात आहे. मंद्रूप परिसरातील कुटुंबाने प्रथम ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तदाब, साखर, लघवी यांची तपासणी करून घ्यावी आणि या कार्यक्रमाच्या पथकाचा वार तेथेच विचारावा. पुढील तपासणीसाठी सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले 'सिव्हिल', आहे. तेथे मनोविकार विभाग आहे. प्रवास शक्य नसेल किंवा रात्रीची वेळ असेल, तर 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू आहे आणि मराठीप्रमाणे कन्नडमध्येही तेथे बोलता येते. छळ, आबाळ, निवृत्तिवेतन अशा तक्रारींसाठी ज्येष्ठांचा १४५६७ हा क्रमांक निराळा.

जाताना सकाळची वेळ निवडावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घालमेल दिवस मावळताना वाढते. दुपारनंतरच्या गर्दीत त्याला ताटकळत ठेवू नये. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र घरी विसरू नये. औषधांची पिशवी घ्यावी, जुन्या चिठ्ठ्या घ्याव्यात, आणि गेल्या पंधरा दिवसांतल्या घटना तारखेनिशी एका वहीत लिहून न्याव्यात: किती वाजता झोपले, कधी उठले, काय खाल्ले, शौचाला झाली का, कधी पडले, काय बोलले. 'खूप त्रास देतात' या वाक्यापेक्षा अशा चार ओळी डॉक्टरला अधिक सांगतात. वडिलांना खोटे सांगून नेऊ नये. 'झोप लागत नाही आणि गुडघे दुखतात, त्यासाठी डॉक्टरकडे जायचे आहे' एवढे खरे सांगितले तरी पुष्कळदा पुरते. सोबत, रोज सेवा करणारी व्यक्ती हवीच. पुण्याहून एका दिवसासाठी आलेल्या मुलाने गाडी चालवावी, पण माहिती बायकोला सांगू द्यावी. आणि तिलाही स्वतःसाठी दहा मिनिटे मागून घ्यावी लागली, तरी तिने ती मागावीत. तिची झोप, तिची पाठदुखी, तिचा वाढलेला रक्तदाब हा त्याच केसपेपरचा भाग आहे.